देवांची नावं मिरवणारे पहिले ख्रिस्ती

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

धर्म बदलला की माणूस आधी नाव बदलतो, असं तू परवा फोनवर म्हणालास. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तसं केलं नव्हतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेलं पत्र काढ. इ. स. ५७ च्या सुमाराचं, करिंथहून पाठवलेलं. सोळाव्या अध्यायात बहुतेक नमस्कारच आहेत, त्यामुळे आपण ते पान भरभर उलटतो. या वेळी सावकाश वाच. पहिलीच फीबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. ग्रीक पुराणात फीबी म्हणजे अपोलोची आजी. पुढं हर्मेस येतो, ते तर थेट देवाचंच नाव. नेरेउस हा सागरदेव. फिलिप्पैकरांच्या पत्रातल्या एपफ्रदीताच्या नावात अफ्रोदिती ही प्रेमदेवता बसलेली आहे. यांना नाव टाकायला पौल कुठंच सांगत नाही. ग्रीकांत आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती. नाव म्हणजे घराणं, पूजा नव्हे. आपल्या ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, तरी ते नारायणच राहिले, हे तुला आठवेलच.

अनेसिमाचं नाव मात्र मला चटका लावतं. तो फिलेमोनाचा दास. दासांची नावं बहुधा मालक ठेवत, आणि याचं नाव ‘उपयोगी’! माणसाला अवजारासारखं नाव. पौल फिलेमोनाला लिहितो, तो पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे. आणि पुढं, दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून त्याला घे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नातियस इफिसकरांना पत्र लिहितो, तेव्हा त्यांच्या बिशपाचं नाव अनेसिम आहे. माणूस तोच असो वा दुसरा, दासाचं नाव बिशपाला लागलं आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

बदल हळूहळू झाला. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप लिहितो की विश्वासणाऱ्यांची पुष्कळ मुलं आता पौल आणि पेत्र आहेत. त्याचं स्वतःचं नाव दियोनिसियस, मद्याच्या देवावरून आलेलं!

नाव खरोखर टाकलं ते पॅलेस्टाईनमधल्या कैसरियात, ३१० च्या सुमारास. चर्चचा इतिहासकार युसेबियस यानं ती हकिकत लिहून ठेवली आहे. पाच मिसरी ख्रिस्ती न्यायाधीशापुढं उभे. आईबापांनी दिलेली नावं मूर्तींची, म्हणून त्यांनी सांगितली ती एलीया, यिर्मया, यशया, शमुवेल, दानीएल. गाव कोणतं? एकजण म्हणाला, यरुशलेम. त्याच्या मनात स्वर्गातलं यरुशलेम होतं. जमिनीवरच्या शहराला रोमनांनी एलिया हे वेगळंच नाव दिलेलं, त्यामुळे यरुशलेम हे नाव न्यायाधीशाला अनोळखी; त्याला वाटलं, ख्रिस्ती लोकांनी कुठंतरी रोमविरुद्ध नगर वसवलंय! ते कुठं आहे हे काढून घ्यायला त्यानं त्याचे अतोनात हाल केले. तो आपल्या शब्दावरून हलला नाही. पाचांचाही शिरच्छेद झाला.

सुहास, एपफ्रदीतानं आपलं नाव तसंच राखलं आणि या पाचांनी टाकलं. मला दोघंही तितकेच खरे वाटतात. तुला काय वाटतं, सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय