पुरणयंत्र आता रोज ओट्यावर असतं, मॅडम

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ओपीडीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तुम्ही माझी वही दोनदा वाचलीत, एवढं लिहिलं तरी तुम्हाला कळेल.

मला साखर १९ वर्षांपासून आहे. त्यातलं शेवटचं दीड वर्ष पोटानं छळलं. चार घास खाल्ले की पोट तुडुंब, दिवसभर मळमळ, रात्री उलटी. कुणी पित्त म्हणालं, कुणी मनाचं म्हणालं. एका दवाखान्यात तर "तुम्ही पथ्य पाळत नाही" असं सुनेसमोर ऐकून घ्यावं लागलं. पथ्य तर मी काटेकोर पाळत होते. मोडाची मटकी, ज्वारीची भाकरी, मेथी, काकडी-गाजराची कोशिंबीर. साखरेच्या माणसाला सगळे हेच सांगतात ना! मी जितकं नेटानं खात गेले, तितकी खंगत गेले.

तुम्ही विचारलंत, "उलटीत काय पडतं? ते खाल्लं कधी होतं?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. सकाळी अकराला खाल्लेली मटकी रात्री साडेनऊला जशीच्या तशी पडायची. सांगायची लाज वाटायची. तुम्ही शांतपणे लिहून घेतलंत, काय खाल्लं, उलटी कधी झाली याची मला वही घालायला लावलीत आणि पुढच्या खेपेला ती वही घेऊन स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेलात.

दुर्बिणीत अडथळा दिसला नाही. मग ती चार तासांची तपासणी. किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा अंश घातलेलं खाणं द्यायचं आणि ठरावीक वेळानं कॅमेऱ्यासमोर उभं करायचं. चार तासांनी जठरात १० टक्क्यांहून जास्त उरायला नको. माझ्या पोटात ३१ टक्के होतं. गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठर वेळेत रिकामं न होणं. नाव ऐकून हातपाय गळाले होते. तुम्ही केसपेपरच्या मागे जठराची पिशवी काढलीत. म्हणालात, वाट मोकळी आहे, पण घुसळून पुढे ढकलायचा हुकूम देणारी व्हेगस नावाची नस इतक्या वर्षांच्या साखरेनं दुबळी झालीय. माझं दुसरं कोडंही तिथंच सुटलं. जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन आपल्या वेळेला काम सुरू करायचं आणि जेवण अजून जठरातच. म्हणून जेवून तासाभरात घाम फुटून साखर ५८, आणि मध्यरात्री २९०. डॉक्टरांनी इन्सुलिनची वेळ बदलून दिली.

आणि मग तुम्ही विचारलंत, "घरात पुरणयंत्र आहे का?"

होळीला आणि अक्षय्यतृतीयेला माळ्यावरून उतरणारं ते यंत्र! आता रोज लागतं. उकडलेला दुधी, साल काढलेला लाल भोपळा, गाजर त्यातून फिरवायचं. माझ्या दुबळ्या जठराला न पेलणारा चोथा वर राहतो, मऊ गर खाली पडतो. मऊ भात, मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण, तूप-तेल बेताचं. दिवसातून सहा वेळा, वाटीभरच. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, अंगणात फेऱ्या मारायच्या. घट्ट अन्न अडलं तरी पातळ पुढे सरकतं हे तुम्ही सांगितलंत, म्हणून वाईट दिवशी तांदळाची पेज आणि साय काढलेल्या दुधाचं ताक. तुम्ही छापील तक्ता दिला असतात तर तो फ्रिजवर चिकटून राहिला असता. तुम्ही आमच्या ओट्यावर काय आहे ते विचारून पथ्य बसवलंत. यासाठी तुमचे आभार किती मानू?

दुखणं गेलेलं नाही. मधल्या एका लग्नात आग्रहाला बळी पडून मसालेभात खाल्ला, दोन दिवस आडवी होते. पण आता का झालं ते मला कळतं, आणि सुनेलाही कळतं. तीच आता कुणी आग्रह करायला लागलं की मध्ये उभी राहते.

पुढच्या महिन्यात दाखवायला येते आहे. दुसरी वही भरत आली. उलटीच्या रकान्यात गेले १६ दिवस काही लिहावं लागलेलं नाही. ते पान तुम्हाला दाखवायचंय.

आपली,
वहीवाली पेशंट