आजीचे माहेर पोर्ट ब्लेअर

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तू सहकुटुंब अंदमानला निघाला आहेस आणि सहलीत पोर्ट ब्लेअरचा मुक्काम आहे, तेव्हा "तुझ्या आजीच्या वतीने तिथे काय पाहू?" असे विचारले आहेस. पुढे सहज म्हणून हेही लिहिले आहेस, की तिच्या घराण्यातले जे क्रांतिकारक सेल्युलर जेलमध्ये होते त्यांचे नाव कळव, म्हणजे तिथल्या फलकावर शोधता येईल. ते नाव फलकावर सापडणार नाही. का सापडणार नाही, हे आता लिहायला हरकत नसावी. जिची हरकत असती ती आजी २००९ साली गेली, आणि बाबांना विचारले तर ते "लिही की" एवढेच म्हणाले.

आजीचे आजोबा क्रांतिकारक नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी शेताच्या बांधावरून भाऊबंदकी पेटली, तीत त्यांच्या कुऱ्हाडीने चुलतभाऊ गेला आणि जन्मठेप होऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काळ्या पाण्यावर रवाना झाले. अंदमान म्हटले की आपल्या पुण्यात सावरकर, कोलू आणि अंधारकोठडी एवढेच डोळ्यांपुढे येते, आणि ते यावे असेच आहे. पण मार्च १८५८ मध्ये दोनशे कैदी उतरवून ती वसाहत सुरू झाली, तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे पाठवलेल्या हजारो माणसांत राजबंदी थोडेच होते. बाकीची माणसे तुमच्या-आमच्या गावांतून गेलेली, खुनाच्या आणि दरोड्याच्या गुन्ह्यातली होती. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांच्याच मजुरीवर उभे राहिले, आणि आमच्या घरात चालत आलेली हकिगत अशी, की आजीचे आजोबा तिथे विटा वाहणाऱ्या टोळीत होते. ज्या कोठड्यांपुढे तू हात जोडणार आहेस, त्या बांधणाऱ्यांपैकी ते एक. गवंड्यांची आणि हमालांची नावे फलकावर लिहायची पद्धत आपल्याकडे नाही.

चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला काही वर्षांनी 'सेल्फ सपोर्टर'चे तिकीट मिळत असे. म्हणजे बराकीबाहेर राहून, जमीन कसून किंवा एखादा धंदा करून स्वतःचे पोट स्वतः भरण्याची मुभा. अशा माणसाला साउथ पॉइंटच्या स्त्री-तुरुंगातल्या, ठरावीक शिक्षा भोगून झालेल्या बाईशी, तिची संमती असल्यास, लग्नही करता येई. आजीच्या आजोबांना पोर्ट ब्लेअरजवळ गाराचरमाकडे भातजमीन मिळाली आणि साउथ पॉइंटवरून बायको मिळाली ती संयुक्त प्रांतातली, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडची. ती कोणत्या गुन्ह्यासाठी आली होती, हे त्या घरात कोणी कोणाला विचारले नाही. तिथल्या बहुतेक घरांची हीच कथा असल्यामुळे न विचारणे हाच तिथला शिष्टाचार असावा, असे मला वाटते. या लोकांच्या मुलाबाळांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. त्यांची बोली हिंदुस्तानी, लग्ने प्रांत आणि जात ओलांडून झालेली. आजी १९२९ साली जन्मली ती अशा घरात, आणि तिचे मराठी आजोबांच्या मांडीवर जेवढे कानावर पडले तेवढेच होते.

तिचे वडील चॅथमच्या सरकारी लाकूड गिरणीत कारकून होते. ही गिरणी १८८३ पासूनची, पोर्ट ब्लेअरच्या हॅडो भागाला पुलाने जोडलेल्या एका चिमुकल्या बेटावर. आमच्या माजघरात जो लालसर लाकडाचा चौरंग होता, ज्यावर तू दिवाळीच्या फराळाची ताटली ठेवलीस म्हणून माझ्या आईने तुला दटावले होते, तो तिथल्या पडौकाचा. आजी तो आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसत असे, आणि पुसून झाल्यावर ते फडके नाकाशी धरून मग खुंटीला लावत असे. लाकडाला इतक्या वर्षांनी वास उरला असेल, असे मला वाटत नाही.

आता ती गप्प का असे, त्याविषयी. आपल्या वाड्यात सगळे तिला 'अबोल बाई' म्हणत आणि तो तिचा स्वभाव समजत. मला ते पटत नाही. गप्प राहणे ती शिकली होती, आणि कुठे शिकली तेही सांगता येते.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढे दोस्तराष्ट्रांच्या पाणबुड्या जपानी जहाजे बुडवू लागल्या, आणि जहाजांची बातमी बाहेर कोण पोहोचवतो या संशयाने धरपकड सुरू झाली. कोणी कोणाचे नाव घ्यावे आणि तो माणूस सकाळी घरातून उचलला जावा, असे दिवस होते. आजीच्या आईने मुलांना ताकीद दिली होती, की दारात कोणी उभे असेल तर बोलायचे नाही, कोण आले-गेले विचारले तर माहीत नाही म्हणायचे, आणि घरात काय शिजले तेसुद्धा सांगायचे नाही, कारण तांदूळ लपवल्याच्या नुसत्या संशयावरूनही मार बसे. १९४३ च्या पावसाळ्यानंतर तिच्या वडिलांनाच नेले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला नेताजींनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, तेव्हा शाळेच्या मुलींच्या रांगेत आजी उभी होती आणि तिचे वडील तिथून जवळच असलेल्या जेलमध्ये होते. त्या दिवसाबद्दल मी तिला खोदून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "जयहिंद म्हटले. मोठ्याने म्हटले." इतकेच.

पुढच्याच महिन्यात डॉ. दिवाण सिंग जेलमध्ये हाल होऊन मरण पावले. इंडियन इंडिपेंडन्स लीग या स्वातंत्र्यवादी संघटनेचा तिथला पुढारी, गावाचा डॉक्टर आणि पंजाबीतला कवी, असा तो माणूस. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालून पुरले. आजीचे वडील सुटून घरी आले ते उजवा हात कोपरात वळेनासा होऊन. चाळिशीच्या त्या कारकुनाने डाव्या हाताने अक्षर गिरवायला सुरुवात केली, आणि पुढे पुण्यात भवानी पेठेच्या लाकडाच्या वखारीत जमाखर्च लिहिला तो डाव्या हातानेच. बाबांनी त्या वह्या पाहिल्या आहेत. अक्षर वळणदार आहे म्हणतात.

जपानी अमलाच्या शेवटच्या वर्षी उपासमार झाली. बाहेरून जहाज येईना, तेव्हा डोंगर उतारांवर रताळी आणि टॅपिओका लावून माणसे जगली. आमच्याकडे एकादशीला रताळ्याचा कीस होई. आजी तो सगळ्यांसाठी करी, जिरे-मिरचीची फोडणी नेमकी घाली, वर नारळ पेरी, आणि स्वतः दोन केळी खाऊन उपवास करी. तिला तो आवडत नसेल असे धरून आम्ही कधी चौकशी केली नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परतले, कैद्यांची वसाहत मोडली, कैद्यांना माफी मिळाली आणि मुख्य भूमीवर जाण्याची वाट खुली झाली. वडिलांनी १९४६ साली बिऱ्हाड उचलले. साताऱ्याच्या गावात भाऊबंदांनी त्यांना ओसरीवर पाणी दिले, पण आत बोलावले नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा खून तिथे अजून ताजा होता, आणि शिवाय हे जमिनीत वाटा मागतील ही धास्ती. मग पुणे. सतराव्या वर्षी आजी नारायण पेठेत आली, हिंदी वळणाचे मराठी घेऊन. वाक्य पुरे होण्याआधीच ते दुरुस्त करून देणारे शेजारी आपल्या पेठेत किती होते ते तुला ठाऊक आहे. लिंग चुकले की हसू, 'ळ' चुकला की हसू. जपान्यांनी जे शिकवले, त्यावर पुणेकरांनी पक्की रोगणे केली, असे मी चिडून म्हणते आणि बाबा मला गप्प करतात.

परंतु तिची खरी कोंडी झाली ती आदरामुळे. कोणी माहेर विचारले आणि 'अंदमान' असे उत्तर ऐकले, की समोरच्याचा चेहराच बदले. "म्हणजे तुमचे आजोबा तात्यारावांच्या बरोबर होते?" असे म्हणून एका वृद्ध गृहस्थांनी तिला भर लग्नात वाकून नमस्कार केला होता. तात्याराव म्हणजे सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते. आजीचे आजोबा त्या वेळी गाराचरमाला भात लावत होते. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर खुन्याची नात, आणि तिची स्वतःची आजी जातीबाहेरची, तीही कैदी. सून म्हणून आलेल्या मुलीने यातले काय निवडावे? ती पदर सावरून आत जाई आणि लोक तिच्या विनयाची तारीफ करत. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या आजोबांना, लग्नाआधी सगळे सांगितलेले होते, त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, यात त्यांचा मोठेपणा मी मानते.

याचा अर्थ ती भित्री होती असे समजू नकोस. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटल्याची कुणकुण पेठेत आली, तेव्हा निम्मा वाडा नदीचे पाणी पाहायला लकडी पुलाकडे धावला. आजीने बाबांच्या दंडाला धरून त्यांना नळाखाली उभे केले आणि घरातले हंडे, कळशा, पिंप, घंगाळ, पातेली, शेवटी देवाची ताम्हणेसुद्धा भरून घेतली. बाबा बारा वर्षांचे होते. पूर येतो आहे आणि आई पाणी कसले भरते आहे, हे त्यांना कळेना. मग ती भांडी एकेक करून पर्वतीकडे राहणाऱ्या आतेकडे हातगाडीवरून धाडली, मुलांना बरोबर लावून दिले आणि मागून चौरंग डोक्यावर घेऊन स्वतः गेली. दुपारपर्यंत वाड्याचा खालचा मजला पाण्यात होता. खडकवासलाही फुटल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले, आणि आतेच्या अख्ख्या आळीने पहिले काही दिवस आजीच्या हंड्यांतले पाणी प्यायले. तांब्याला हात लावण्याआधी प्रत्येकाला ती माप सांगत असे. बाबा म्हणतात, आयुष्यात तिला एवढे बोलताना त्यांनी तेव्हा पाहिले.

मी पाहिले ते डिसेंबर २००४ मध्ये. त्सुनामीच्या बातम्या लागल्या होत्या आणि टीव्हीवर पोर्ट ब्लेअर दिसत होते. आजी खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली आणि नावे घेऊ लागली: ॲबर्डीन बाजार, फिनिक्स बे, हॅडो, डंडास पॉइंट, बांबू फ्लॅट. निवेदिका बोलत होती निकोबारविषयी, आणि आजी तिच्यावर रागावत होती, की ही चॅथमच्या पुलाचे का सांगत नाही. वर जे काही लिहिले आहे ते बहुतेक त्या आठवड्यातले आहे. संध्याकाळी मी भाजी निवडायला घेई आणि ती सांगे. मध्येच कोणी आले की थांबे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. जेल अवश्य पाहा. त्याच्या सात पाख्यांपैकी, म्हणजे 'विंग्ज'पैकी, तीनच उरले आहेत. त्यांच्या विटांकडेही जरा लक्ष दे. चॅथमची गिरणी सहलीत असतेच, पण सहलवाले तिथून लवकर हलवतात, तू हलू नकोस. एक सकाळ मोकळी मिळाली तर रिक्षाने गाराचरमाला जाऊन ये; तिथे पाहण्यासारखे काही असेल असे नाही, तरी जा. हम्फ्रीगंजला स्मारक आहे. शहराचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले आहे, पण रिक्षावाल्याला पोर्ट ब्लेअर म्हटलेले चालेल. आणि एक विनंती: वाटाड्याला किंवा सहप्रवाशांना "माझ्या मैत्रिणीचे पणजोबा इथे होते" असे उत्साहाने सांगू नकोस, कारण पुण्याची सहल म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणता येईल ते आपल्याला माहीत आहे. अगदीच निघाले, तर खरे काय ते सांग. मला आता चालेल.

बाबांना चॅथमच्या गिरणीचा फोटो हवा आहे, आतल्या करवतींचा. तेवढा आण. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. परत आल्यावर सवडीने पुण्याला या.

तुझी बालमैत्रीण