पायाळू बहिणीच्या वतीने आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात गारपिटीने आमच्या शिवारातला गहू आणि हरभरा झोपवला, त्यानंतर आठवड्याभरात तुम्ही पुण्याहून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या या आडवळणाच्या गावी आलात आणि शाळेच्या व्हरांड्यात आमच्यासोबत सतरंजीवर बसलात. माझ्या पुतण्याने बर्फाच्या कप्प्यात जपून ठेवलेली लिंबाएवढी गार तुम्ही गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने मधोमध कापलीत, तेव्हा आत कांद्यासारखे थर निघाले: एक दुधाळ, एक काचेसारखा. थेंब आदळताच गोठला की हवा आत अडकून थर दुधाळ होतो आणि पाणी सावकाश गोठले की हवा निसटून तो पारदर्शक राहतो, हे तुम्ही सांगितलेत. तीस वर्षे गारांनी पीक गमावत आलो, पण गार आतून कशी असते हे त्या दिवशी प्रथमच पाहिले.

मात्र हे पत्र मी लिहितो आहे ते माझ्या धाकट्या बहिणीच्या वतीने. ती पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पायांनी आलेली. पायाळू माणसावर वीज पडते, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. पऱ्हाटी म्हणजे कापूस निंदताना आभाळ गडगडू लागले की बाकीच्या बाया कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात शिरत आणि तिला बाहेर राहायला सांगत, त्यामुळे पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ती एकटी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहत असे. मी तिचा सख्खा भाऊ, पण त्याबद्दल मी कधी एक शब्द काढला नाही.

त्या दिवशी तिने मागच्या रांगेतून विचारले, "मॅडम, पायाळूवर इज पडते, हे खरं हाये काय?" तुम्ही हसला नाहीत. तिला जवळ बोलावून तुम्ही फळ्यावर बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढलेला ढग काढलात. ढगात बर्फाचे हलके कण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आदळतात, धन भार घेऊन हलके कण वर जातात, ऋण भार मधल्या थरात साचतो आणि मग तो टप्प्याटप्प्याने जमिनीकडे वाट शोधत येतो. तो जवळ आला की उंच झाडातून किंवा मोकळ्या रानात उभ्या असलेल्या माणसातून वर ठिणगी उठते आणि जिची गाठ आधी पडते तिथे वीज कोसळते. माणूस जन्मताना पायांनी आला की डोक्याने, हे विजेला कळण्याचा कोणताही मार्ग नाही, असे तुम्ही तिच्याकडे पाहून सांगितलेत. वीज पडून कडुनिंबाखाली बांधलेली बैलजोडी एकाच वेळी का मेली, तेही तेव्हा कळले: बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असते, म्हणून जमिनीतून पसरणारा प्रवाह त्याच्या छातीतून जातो.

असा धो धो कोसळणारा पाऊस वाढला आहे का, असे कोणी विचारले तेव्हा हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 मधला अभ्यास तुम्ही सांगितलात. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे त्यात दिसले आहे. गारांबाबत मात्र तितकी जुनी, सलग नोंद नसल्याने ठाम सांगता येत नाही, असेही तुम्ही मोकळेपणाने म्हणालात. एवढ्या शिकलेल्या माणसाने गावासमोर असे कबूल करावे, याने तुमच्या बाकीच्या शब्दांवर आमचा विश्वास बसला.

गेल्या आषाढात निंदण चालू असताना पश्चिमेकडे आभाळ भरून आले. बहिणीने चमक पाहिली आणि मोठ्याने आकडे मोजले. तीन सेकंदांना एक किलोमीटर आणि तिसाच्या आत आवाज आला तर काम सोडायचे, हे तुमचे गणित तिला तोंडपाठ आहे. एकविसावर गडगडाट झाला. बारा बाया विळे-खुरपी टाकून कोठ्याऐवजी शाळेच्या पक्क्या खोलीत गेल्या आणि दाराजवळ थबकलेल्या माझ्या बहिणीला त्यांतल्याच वयस्कर काकूंनी हाताला धरून आत घेतले. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे, असे तिने बजावले, आणि सगळ्या जणी तेवढा वेळ तिच्याभोवती बसून राहिल्या.

तुमचे मनःपूर्वक आभार. यंदा हुरड्याला याल, अशी तिची आग्रहाची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी