व्यायामवाल्या ताईंना

व्यायामवाल्या ताई,

आमच्या घरात तुम्हाला नावानं हाक मारायची सवय कुणालाच लागली नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंनी दारातूनच आत वर्दी दिली, "व्यायामवाल्या ताई आल्यात," आणि तेच कायम झालं. पत्र असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण एकच. घरी आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, उद्या सहाला येते" म्हणता आणि चपला घालता.

गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. ह्यांना दोन दिवसांपासून खाज सुटली होती. मान, कानामागे, दोन्ही दंड. अपघातापासून छातीखाली ह्यांना काही जाणवतच नाही, म्हणजे जाणवतं तेवढ्याच भागात. पुरळ नाही, गांधी नाहीत. सासूबाईंनी उशाशी ठेवलेल्या झेंडूवर खापर फोडलं. मी कॅलामाइन लावत होते आणि एक कान पुरणाच्या पातेल्याकडे होता. दुपारी ताप चढला तेव्हा जवळच्या हॉस्पिटलात नेलं. लघवीचं इन्फेक्शन म्हणाले, अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. त्यांना मी फारसा दोष देत नाही. (थोडा देते.) मणक्याच्या पेशंटला ताप आला, पाय जास्त आखडायला लागले, की आधी लघवीच बघतात, आणि बहुतेक वेळा तीच निघते.

सुट्टी असूनही तुम्ही सहाला आलात. पांघरूण बाजूला केलंत, पोटरीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "हे पाय माझे नाहीत."

मला आधी हसू आलं. मग तुम्ही गुडघा वाकवायला गेलात आणि तो वाकेना, लाकडासारखा. पाऊल जरा वर दाबलं तर थडथडायला लागलं, टाच पलंगाच्या कडेवर टकटक, टकटक, थांबायचं नावच नाही. तुम्ही तोपर्यंत ह्यांच्या तोंडाकडे बघत होतात. खाज कधीपासून? पोटात बसवलेल्या औषधाच्या पंपाचं रिफिल कधी झालं? पंप वाजला का? रिफिल तीनच आठवड्यांपूर्वी झालं होतं आणि पंप अजिबात वाजला नव्हता. मी हे छातीठोकपणे सांगितलं, जणू त्यानं प्रश्नच मिटला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. २०१९ मध्ये पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात ह्यांची मोटारसायकल घसरली आणि मज्जारज्जूला मार बसला. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, खुर्चीत बसवलं तर झटक्यानं खाली घसरायचे. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत गेल्या. पाय जेमतेम सैल, माणूस मात्र दिवसभर झोपलेला. मग पुण्यात पोटाच्या कातडीखाली पंप बसवला. बिस्किटाएवढी धातूची चकती, तिच्यातून बारीक नळी कमरेला वळसा घालून मणक्यात, थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात. तिथं दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हे जागे झाले. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या.

तर पंप का वाजला नाही, हे तुम्ही मला अँब्युलन्समध्ये समजावलंत. पंपाला फक्त स्वतःचं कळतं. औषध संपत आलं, बॅटरी संपली, मोटर अडकली, तर तो वाजतो. नळीत ढकललेलं औषध पुढे कुठं पडतं याचा त्याला पत्ता नसतो. "वहिनी, मीटर फिरतंय, पण पाइप फुटलाय," असं म्हणालात. पालिकेच्या पाण्यावर दिवस काढलेल्या बाईला याहून सोपं काय सांगणार?

पण त्याआधीचा अर्धा तास मला जास्त आठवतो. कपाटात ह्यांच्या जुन्या गोळ्या होत्या. मी त्या काढल्या, तर तुम्ही माझा हात धरलात आणि स्वतःच्या अधिकारात एक गोळीही दिली नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावलात, आम्हाला परत त्याच हॉस्पिटलात घेऊन गेलात आणि तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हातात फोन दिलात. ते वैतागले होते. फिजिओथेरपिस्टनं निदान सांगायचं म्हणजे काय, असा चेहरा. तुम्ही बाजूला उभ्या राहून एवढंच म्हणत होतात, "सर, एकदा बोलून घ्या." बोलले, आणि त्यांचाही सूर बदलला. तोंडावाटे बॅक्लोफेन आणि शिरेतून डायझेपाम तिथंच सुरू झालं. तोवर ह्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या होत्या आणि पिशवीतली लघवी काळ्या चहासारखी झाली होती. आखडून आखडून स्नायू फुटायला लागले की ते किडनीवर येतं, हे नंतर कळलं.

नंतर मी बरंच वाचलं. मणक्यात बॅक्लोफेन द्यायची सुरुवात शिकागोच्या रिचर्ड पेन यांनी १९८४ च्या सुमारास केली, अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. औषधाच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर, काळ्या चौकटीत, हेच छापलंय: अचानक बंद पडलं तर प्रचंड ताप, भ्रम, स्नायू फुटणं, मृत्यूसुद्धा. खाजेचा उल्लेखही त्या पत्रकात आहे. आमच्या फाइलमध्ये ते पत्रक होतं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

पुण्यात एक्स-रे काढला. पंपाच्या बाजूच्या छिद्रातून सुई घालून नळीतून मणक्यातलं पाणी ओढून पाहिलं, थेंबही आला नाही. नळीचं टोक मणक्यातून निसटून पाठीच्या कातडीखाली वेटोळं होऊन पडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी भरलेलं औषध तिथं मुरत होतं.

तेव्हा कॉरिडॉरमध्ये तुम्ही डॉक्टरांना गाठून विचारलंत, "माझ्या स्ट्रेचिंगमुळे निसटलं का?" मी मागेच उभी होते. आमच्यापैकी कुणाच्या मनात ही शंका आली नव्हती आणि आली नसती. तुम्ही ती स्वतःहून, माझ्यादेखत काढलीत. डॉक्टर म्हणाले, नळीचे घोटाळेच सगळ्यात जास्त होतात, मुडपते, चिरते, निसटते, नेमकं कशानं ते सांगता येत नाही. तुमचं समाधान झालं नाही, ते तोंडावर दिसत होतं. ताई, तुमचं त्या रात्रीचं सगळं ऋण एका बाजूला आणि तो प्रश्न एका बाजूला.

नवी नळी बसली. डोस पुन्हा खालून चढवत नेला, कारण एकदम जुना दिला तर श्वासच मंदावायचा. नंतर मणक्यातलं पाणी झिरपून डोकं दुखायचं, बसवलं की कळ, आडवं केलं की थांबायची. ते आठ दिवस तुम्ही व्यायामाचं नावही काढलं नाहीत, नुसत्या येऊन बसायचात आणि सासूबाईंशी मटारच्या भावावर बोलायचात. त्या आठवड्याचे पैसेही घेतले नाहीत. तो वाद अजून मिटलेला नाही, हे इथं नमूद करते.

परवा ह्यांनी मान खाजवली. मी उठून दिवा लावेपर्यंत ह्यांनीच तुम्हाला फोन लावला होता. डास होता. मी तो मारला, तुम्हाला तसं कळवलंही. तरी तुम्ही स्कूटीवरून आलात, पोटरीवर हात ठेवलात, गुडघा वाकवून पाहिलात.

"माझेच आहेत," म्हणालात आणि चपला घातल्यात.