ओढा बिघडतो वर, पैसा खर्च होतो काठावर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या ओढ्यांच्या ‘पुनरुज्जीवना’च्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. सोबतचे चित्र ठरलेले असते: दोन्ही बाजूंना दगडी भिंत, फरसबंदी, दिव्यांचे खांब, बाकडी. मधले पाणी निळे रंगवलेले. ते पाणी येणार कुठून, हे मात्र आराखड्यात सहसा सापडत नाही. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

एक हेक्टर छपरांवर आणि डांबरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते. तीच जमीन मोकळी असती तर त्यातले बरेचसे मुरले असते आणि पुढे कितीतरी दिवस झिरपत ओढ्याला मिळाले असते. आता ते पावसाळी गटारांतून काही मिनिटांत ओढ्यात कोसळते. तळ खरवडला जातो, काठ ढासळतात, पात्र खोल जाते. पाऊस ओसरला की पाझर नसल्याने ओढा कोरडा, किंवा उरते ते सांडपाणी. ढासळलेला काठ पाहून आपण भिंत बांधतो. भिंतीमुळे पाणी आणखी वेगाने पळते आणि खालच्या वस्तीचा काठ तोडते. मग तिथे भिंत! शिवाय गाळ काढायचा म्हणून दरवर्षी पोकलेन उतरवून तळातले गोटे आणि काठावरची झुडपेही खरवडून नेली जातात.

ओढ्याची खरी अवस्था त्या गोट्यांखाली कळते. बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाचे पाणी दाखवतो. चतुराच्या किंवा मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या मात्र कित्येक महिने तिथेच राहतात, त्यामुळे मध्यरात्री कोणी काय सोडले याची नोंद त्यांच्याकडे असते. पाणलोटाचा जेमतेम दहावा हिस्सा छपरे आणि रस्त्यांखाली गेला तरी नाजूक जाती घटू लागतात, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे. काही विष तर डोळ्यांना दिसतही नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरातल्या ओढ्यांत अंडी घालायला येणारे कोहो सामन मासे पावसानंतर तडफडून मरत. कारण हाती लागायला २०२० साल उजाडले: टायर लवकर झिजू-तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या ‘सिक्सपीपीडी’ या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन बनणारा पदार्थ. तो रस्त्यावरून पावसाबरोबर वाहत येत होता. काठावर कितीही बाकडी टाकली तरी यावर काय परिणाम होणार?

दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चाँगग्येचॉन ओढ्याचे उदाहरण आपल्याकडच्या सादरीकरणांत हमखास असते. ओढ्यावरचा रस्ता आणि त्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ साली तो खुला केला, ही हिंमत मोठीच. पण त्यात वाहणारे पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणलेले आहे, रोज सुमारे १ लाख २० हजार टन. शहराला त्याचा उपयोग झाला हे मान्य, तरी पंप बंद केला तर काय उरेल, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मला त्याहून शिकण्यासारखा वाटतो तो अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या आवारातून वाहणारा स्ट्रॉबेरी क्रीक हा ओढा. १९८७ पासून तिथे सांडपाण्याच्या गळक्या वाहिन्या आणि चुकून ओढ्यात सोडलेल्या जोडण्या शोधून दुरुस्त केल्या, धूप रोखायला छोटे बंधारे घातले, आणि १९८९ मध्ये स्थानिक मासे पुन्हा सोडले. मेलबर्नजवळच्या लिटल स्ट्रिंगीबार्क क्रीकसाठी तर घराघरांत पावसाच्या टाक्या आणि मुरवण्याचे वाफे करायला रहिवाशांना पैसे दिले गेले. म्हणजे ओढ्याचा निधी छपरापाशी खर्च झाला. आपल्या पालिकांच्या लेखाविभागाला हे पचेल का, कोण जाणे.

तरी एक काम फार खर्चाचे नाही. चार दिवस पाऊस नसताना ओढ्याच्या काठाने चालत जावे आणि ज्या पाइपातून तरीही पाणी येत आहे त्याची नकाशावर खूण करावी. ते पाणी पावसाचे नाही. क्वचित झऱ्याचे असेल, एरवी मैल्याचे, कारखान्याचे किंवा फुटलेल्या जलवाहिनीचे. हा नकाशा लोकांसमोर ठेवल्याशिवाय आणि त्या जोडण्या बंद केल्याशिवाय काठाच्या एकाही कामाला मंजुरी देऊ नये. आणि काम झाल्यावर ठेकेदाराचे अंतिम बिल काढताना नुसती भिंतीची लांबी मोजू नये. गोट्यांखाली कामाआधी किती जातींचे कीटक होते आणि वर्षभराने किती आहेत, हेही त्या मोजमाप पुस्तकात लिहिले जावे.

आपला,
एक वाचक