रात्रीची तयारी करून घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता लिहून मानते, आणि चारचौघांत मानते. पाठीवर घर घेऊन लांबचा पल्ला चालायचा आणि वाटेत रानातच मुक्काम करायचा, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनाही यातून काही मिळालं तर मला आवडेल.

मी तुमच्याकडे आले होते यादी मागायला. कुठली सॅक, कुठले बूट, कुठला तंबू. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "चालशील गं तू, पण रात्र कशी काढणार?" पुढची सगळी तयारी त्या एका प्रश्नाभोवती झाली. चालण्याचा सराव सगळेच करतात, तो मीही करतच होते. रात्रीचा सराव करायचा असतो हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. झोप झाली नाही, अंग गारठलं, कपडे ओले राहिले, की दुसऱ्या दिवशीच्या पावलांत ते सगळं उतरतं, आणि अशा मुक्कामाच्या वाटेवर परत फिरायला खोली नसते.

सुरुवात स्लीपिंग बॅगपासून झाली. बॅगेच्या लेबलावर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. मोठ्या अक्षरांत असतो तोच आकडा मी बघत होते. तुम्ही चष्मा लावून बारीक अक्षरं वाचून दाखवलीत. 'कम्फर्ट' हा आकडा चाचणीत सर्वसाधारण स्त्री गृहीत धरून काढतात, 'लिमिट' सर्वसाधारण पुरुष धरून, आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे नुसता जीव वाचण्यापुरता. आपण बायकांनी पहिलाच आकडा धरायचा, आणि थकलेल्या, कमी जेवलेल्या रात्रीसाठी त्यातही थोडी जागा सोडायची. मुक्काम उंचावर असेल तर दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, हा हिशेब तुम्ही माझ्याकडून वहीत मांडून घेतलात.

मॅटचंही तसंच. बॅगेतला पिसांचा किंवा फायबरचा थर अंगाखाली दबून निकामी होतो, त्यामुळे जमिनीचा गारवा अडवायचं काम मॅटचं, हे तुमच्याकडूनच शिकले. मॅटवरचा आर-व्हॅल्यूचा आकडा जितका मोठा तितका गारवा कमी. एकावर एक दोन मॅट घातल्या तर दोन्ही आकड्यांची बेरीज होते. म्हणून तुमची जुनी फोमची मॅट तुम्ही माझ्या हवेच्या मॅटखाली घालायला दिलीत. हवेची फुटली तरी फोमची उरते, हा त्यातला दुसरा फायदा. महागडी नवी मॅट घ्यायचा विचार मी त्याच दिवशी सोडला.

आणि मग अंगणातली ती रात्र. पावसाचा अंदाज बघून तुम्ही मुद्दाम तोच दिवस निवडलात. संध्याकाळी उजेडात तंबू लावायला लावलात, मोडायला लावलात, आणि अंधार पडल्यावर हेडटॉर्चच्या उजेडात पुन्हा लावायला लावलात. खुंटी वाऱ्याच्या बाजूने आधी ठोकायची, दोरीपासून उलट्या दिशेला तिरकी. आउटर, म्हणजे तंबूचं बाहेरचं कापड, इतका ताणायचा की आतल्या कापडाला, इनरला, कुठेही शिवणार नाही. पाऊस असला तरी वरची झडप थोडी उघडी ठेवायची, कारण रात्रभर आपल्याच श्वासाची वाफ आत जमते आणि पहाटे ती थेंब होऊन बॅगेवर पडते. हे मी वाचलेलंही होतं. पण पहाटे उठून आउटरच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवल्यावर कोपरापर्यंत पाणी ओघळलं, तेव्हा खरं कळलं. तुम्ही चहा घेऊन बाहेर उभ्या होतात आणि म्हणालात, "आता झडप दुप्पट उघडून उद्या पुन्हा झोप." दुसऱ्या रात्री बॅग कोरडी राहिली. घरापासून दहा पावलांवर हे शिकता येतं, आणि ते शिकवायला दोन रात्री झोपमोड करणारं माणूस मला मिळालं.

जागा कशी निवडायची याला तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात, आणि वाटेवर मला सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडलं. पहिलं म्हणजे घाई नको. तंबू उजेड असतानाच लागला पाहिजे, म्हणून दिवसाचा पल्ला आधीच आखायचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम तुम्ही शिकवलात. सपाटीवर ताशी साधारण ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास वर. त्यात विश्रांती आणि पाठीवरचं ओझं धरलेलं नाही, तेव्हा आपली भर आपणच घालायची. नकाशावर मुक्कामाची एक जागा धरायची आणि तिच्या अलीकडे एक, पलीकडे एक अशा दोन हाताशी ठेवायच्या.

मग प्रत्यक्ष जागा. दरीच्या तळाशी नको, थंड हवा खाली साचते. अगदी धारेवर नको, वारा झोपू देत नाही. कोरडा ओढा कितीही सपाट आणि मऊ वाटला तरी नको, वरच्या अंगाला पाऊस झाला की तो आपल्याला न सांगता वाहू लागतो. डोक्यावर वाळकी फांदी आहे का ते मान वर करून बघायचं. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहायचं, म्हणजे पाणीही घाण होत नाही आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही अडत नाही. आणि तंबू पिशवीतून काढण्याआधी त्या जागेवर नुसतं आडवं व्हायचं. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला सपाट लागतेच असं नाही, आणि उतार असलाच तर डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं ते तिथेच ठरतं. ताई, दर मुक्कामाला मी आधी अशी आडवी झाले. दोनदा उठून दुसरीकडे गेले आणि दोन्हीदा बरं केलं.

कुठे राहायची मुभा आहे आणि कुठे नाही, यावर तुम्ही फार कडक होतात. रान दिसलं की तंबू ठोकला, असं चालत नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागून बहुतेक मोकळ्या जमिनीवर मुक्काम करता येतो, पण तिथल्याच लॉक लोमंड सरोवराच्या काठच्या ठरावीक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे, पण राहत्या घरापासून १५० मीटर दूर राहायचं आणि एका जागी साधारण दोनच रात्री. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी जमीनमालकाची परवानगी लागते. डार्टमूरचं माळरान हा त्यातला अपवाद, आणि तो टिकण्यासाठीसुद्धा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल मे २०२५ मध्ये लागला. तुमचं म्हणणं एवढंच होतं की जिथे जायचं तिथला नियम निघण्याआधी वाचायचा, विचारायचं असेल तर विचारायचं, आणि 'नाही' म्हटलं तर वाट बदलायची. कुणीतरी बेफिकिरीने राख आणि कचरा टाकून जातो आणि पुढच्या शंभर जणांना बंदी होते, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. तो राग मला पटला, आणि तो आता माझाही आहे.

मला ज्या गोष्टी कुणाला विचारायचा संकोच वाटत होता, त्या तुम्ही आपणहून काढल्यात. यासाठीचे आभार वेगळे. शौचाला वाटेपासून, पाण्यापासून आणि मुक्कामापासून ६० मीटर लांब जायचं, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणायचा, नीट बुजवायचा, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. पाळीच्या दिवसांत पॅड पुरायचे नाहीत आणि जाळायचेही नाहीत. बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली एक घट्ट बंद होणारी पिशवी तुम्हीच मला करून दिलीत, आत काय आहे ते दिसत नाही आणि वासही येत नाही. एकटीने राहायचं तर वाटेवरून तंबू दिसू नये, आज कुठे थांबणार हे वाटेत भेटलेल्या कुणालाही सांगू नये, आणि एखादी जागा मनाला पटली नाही तर कारण शोधत न बसता पुढे निघावं. हे सगळं तुम्ही भाजी निवडता निवडता बोललात, आणि माझा संकोच गेला.

पायांबद्दल थोडक्यात, कारण इथे तुमचं म्हणणं मी तंतोतंत पाळलं. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, चालायचेच मोजे घालून घ्यायचे. टाच चुरचुरायला लागली की त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या वळणापर्यंत लांबवायचं नाही. आणि तिथे लावायच्या टेपच्या तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल कापायचे. टोकदार कोपरा मोज्याला अडकून उचकटतो, गोल राहतो. इतकी बारीक गोष्ट, आणि संबंध वाटेवर मला मोठा फोड आला नाही.

पाण्याचं गणित तुम्ही वजनकाट्यावर दाखवलंत, एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून नकाशावर आधी झरे आणि ओढे निळ्या पेनने खुणवायचे, मग किती भरून घ्यायचं ते ठरवायचं. तुमच्या पोकळ धाग्यांच्या फिल्टरने जिवाणू अडतात, विषाणू अडतात असं धरून चालायचं नाही, म्हणून वस्तीखालचं पाणी उकळायचंच. खळखळून एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. गोठणाऱ्या रात्री फिल्टर बॅगेत आपल्याजवळ घेऊन झोपायचं, कारण आतलं पाणी गोठलं की धागे फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. मी त्याला मोज्यात घालून पोटाशी घेऊन झोपले. गॅसच्या बाबतीतही थंडी बघायची, कारण नुसतं ब्युटेन शून्याच्या आसपास आळसतं, प्रोपेन मिसळलेलं पेटतं. आणि कितीही पाऊस असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे वाक्य तुम्ही तीनदा म्हणालात आणि मला ते तीनदाच ऐकायचं होतं.

माझी सगळी वाट तुमच्या फ्रिजवर लावलेली होती, हे मला परत आल्यावर कळलं. कुठल्या रात्री कुठे, निरोप कुठून देणार, आणि अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, सगळं तुमच्या अक्षरात. एका डोंगराआड रेंज गेली आणि मला दिवसभर कळवता आलं नाही. तरी मी घाबरी झाले नाही, कारण आपण मुदत ठरवली होती आणि ती अजून टळलेली नव्हती. त्या संध्याकाळी तुम्हीही फोन हातात घेऊन बसला होतात, असं काकांकडून समजलं. त्याबद्दल काय लिहू, ताई? तुमचं वय, तुमचे दुखरे गुडघे, आणि तरी दुसऱ्याच्या चालीसाठी असं जागं राहणं. तुम्ही ज्या वाटा चालायच्या थांबलात त्यांबद्दल मी कधी विचारलं नाही. एकदा सांगाल का? मला ऐकायच्या आहेत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे परत आल्यावर सॅक जमिनीवर रिकामी केली आणि तीन ढीग केले. रोज लागलेलं, कधीतरी लागलेलं, आणि अजिबात न लागलेलं. पहिल्या ढिगात तुमची फोमची मॅट आहे. ती धुऊन उन्हात वाळवली आहे. तिसऱ्यात जादाचा शर्ट, दुसरं पातेलं आणि एक जाडजूड वही निघाली, ती पुढच्या वेळी घरीच राहतील. शिट्टी, फॉइलचं ब्लँकेट आणि प्रथमोपचाराची पिशवीही त्याच ढिगात होती. ती मात्र उचलून परत सॅकेत ठेवली. संकटात मदत मागायला मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हे अजून पाठ आहे. रविवारी मॅट घेऊन येते. येताना थंडीतल्या वाटेचा नकाशाही आणते, मुक्कामाच्या जागा तुमच्यासमोरच खुणवू.

तुमची,
अंगणात दोन रात्री झोपलेली मुलगी