दहा अर्ध्या घमेल्यांचा हिशोब

सांगोला,
16 नोव्हेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू अंगण दाखवायला सांगितलंस. मी दाखवलं. तू म्हणालीस, "बाबा, वर्ष झालं, अजून अर्धंच?" आणि तुझा आवाज बदलला. मंगळवारी पुण्याहून एका कंत्राटदाराचा फोन. आठ दिवसांत खडी, रोपं, दिवे सगळं करून देतो, पैशाचं ताईंशी बोलणं झालंय म्हणाला. माणूस नीट बोलला, मीही नीटच बोललो, आणि नको म्हणून सांगितलं. तुला वाईट वाटणार हे ठाऊक आहे, म्हणून लिहितोय. फोनवर तुझे डोळे भरून येतात आणि माझं सांगायचं राहून जातं.

आधी छातीचं. स्टेंट घालून दीड वर्ष झालं. डॉक्टरांना वजन सांगून विचारलं, तेव्हाच घमेल्याला हात लावला. भरलेलं घमेलं मी उचलत नाही. अर्धं भरतो, दहा किलोच्या आसपास. सकाळी दहा अर्धी घमेली, मध्ये दोनदा बसणं. तुझी आई ओट्यावर शेंगा फोडत मोजते. दहा झाली की ती चहा ठेवते आणि चहा ठेवला की काम बंद. अकरावं घमेलं आजवर झालेलं नाही, तिला विचार.

अंगण वीस बाय तीस. सहाशे चौरस फुटांवर दोन इंच खडी म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. अर्ध्या घमेल्यात पाव घनफूट बसतं. चारशे घमेली झाली. रोज दहा टाकली तर चाळीस दिवसांचं काम. मग वर्ष का लागलं, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर खडीत नाही, खडीखाली आहे.

इंग्लंडला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा कोलचेस्टरजवळ एल्मस्टेड मार्केटला बेथ चॅटो बाईंची बाग दाखवायला तू नेलंस. मला वाटलं होतं, बाग बघण्यात माझं काय काम. पण गाड्या उभ्या करायच्या जुन्या जागेवर, खडीत, एवढं फुललेलं बघून मी गप्प झालो. तू तिथला फलक वाचून दाखवलास. जागा 1991-92 च्या सुमारास केलेली, आणि रोपं रुजल्यावर तिला पाणी दिलेलं नाही. पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर. माझ्या मनात तेव्हाच आलं, एवढा तर आमच्या माणदेशातही पडतो! छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात मी खडीच अंथरली. डबर, खडी, मुरूम, पाणी, रोलर. गवताची काडीही वर येऊ नये म्हणून दाबली. त्याच खडीतून त्या बाईंनी फुलं काढली होती. परतीच्या विमानात तुझी आई झोपली आणि मी कागदी रुमालावर अंगणाचा नकाशा काढत बसलो.

घरी आल्यावर पहिली चूक लगेच केली. गेल्या दिवाळीनंतर गेटच्या डाव्या अंगाला सरळ खडी टाकली, शंभरेक घमेली. तिथं बांधकामाच्या वेळी कुणीतरी काळी माती आणून टाकलेली. जूनच्या पहिल्या दोन पावसांत माती फुगली आणि खडी तिच्यात गेली. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचं सगळं गिळते, हे मी रस्त्यावर उभं आयुष्य पाहिलंय. म्हणूनच तर आधी मुरमाचा भराव घालतात. अंगणात मात्र विसरलो, कारण घाई केली. ती खडी चाळणीनं चाळून वेगळी काढण्यात सबंध पावसाळा गेला. मग तेवढी माती कोपऱ्यात ओढून तिथं मुरूम घातला.

तिथल्यासारखंच इथं करायचं असंही नाही, हे मला हळूहळू कळलं. तिकडे पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून पडतो. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर, त्यातही खरा जोर परतीच्या पावसाचा, आणि मग सात-आठ महिने काही नाही. वर मे महिन्याचं ऊन. काळ्या दगडाची खडी दुपारी चप्पलेतूनही चटका देते. म्हणून भिंतीलगत तीन फूट मी खडी टाकलीच नाही, घर तापलं असतं. काळ्या खडीऐवजी फिकट पिवळट मुरमातले गोटे निवडून वर अंथरतोय. तेही एकेक बघूनच घ्यावे लागतात, मुरूम कच्चा असला तर वर्षात माती होते.

आणि हरळी! हरळी आणि लव्हाळा खडीला जुमानत नाहीत. लव्हाळ्याची गाठ खाली राहिली की दोन इंच खडीतून सुईसारखं वर येतं. कंत्राटदार म्हणाला, खाली प्लास्टिक अंथरू, प्रश्नच मिटला. मला ते पटत नाही. आपल्याकडे वाऱ्यानं धूळ येते, ती खडीत साठते, प्लास्टिकच्या वरच माती तयार होते आणि गाजरगवत तिच्यात उगवतं. खालची जमीन मात्र तहानलेली राहते. म्हणून बसून, खुरप्यानं, मुळी तुटू न देता काढली. एका बैठकीत चार हात जागा. दोन महिने. त्या दोन महिन्यांत मला जमिनीचा हात न् हात माहीत झाला. कुठे मुरूम वर आहे, कुठे काळी, कुठे जुन्या चुन्याच्या गोण्या फुटल्या होत्या.

पावसाळ्यात आणखी एक झालं. गच्चीच्या पाइपाचं पाणी उतारानं गेटकडे जाईल असा माझा अंदाज होता. लेव्हल बघून काढलेला, छत्तीस वर्षांचा अंदाज. सप्टेंबरच्या एका रात्री धो धो पाऊस झाला, मी बॅटरी घेऊन ओट्यावर उभा राहिलो, तर पाणी पायरीपासून वळून कडुनिंबाकडे जात होतं. सकाळी त्या ओल्या रेषेवर खुंट्या ठोकल्या आणि फक्की मारली. बाईंनी वाफ्यांची वळणं रबरी नळी टाकून आखली होती ना? मी जुना कासरा टाकला. डाळिंब त्या रेषेवर लावलं. हलक्या मुरमाड जमिनीत डाळिंब कसं येतं हे सांगोल्याच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात आठ दिवसांत काम उरकलं असतं तर ते डाळिंब गेटजवळ कोरडं उभं असतं.

रोपांचं विचारलं होतंस. तू दिलेल्या पाकिटातलं लॅव्हेंडर उगवलं, पण एप्रिल त्याला सोसला नाही. मनाला लागलं, तू हौसेनं दिलं होतंस. त्या जागी तरवड आहे. माळावर मुरमात आपोआप वाढतो, पिवळा धमक फुलतो, म्हणून त्याला अंगणात कुणी जागा देत नाही. मी दिली. त्याचं मूळ खोल जातं, उपटून लावलेलं रोप धरत नाही, म्हणून बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून जागच्या जागी टोकलं. सातातली पाच उगवली. शिवाय कोरांटी, शतावरी, कोरफड, सदाफुली आणि माळावरच्या पवन्या गवताचे चार ठोंब. लावताना खडी बाजूला सारायची, मूळ खालच्या जमिनीतच बसवायचं, मग खडी परत ओढायची, पण बुंध्याला भिडवायची नाही. पहिलं वर्ष तांब्यानं पाणी घालावंच लागतं, बाईंनीही सुरुवातीला घातलंच होतं. पुढच्या वर्षी तांब्या बंद करणार. परवा खडी सारून बोट घातलं, पाऊस जाऊन तीन आठवडे झाले तरी दोन पेरांवर ओल होती. मी तुझ्या आईला हाक मारून तिचंही बोट घालायला लावलं.

ताई, नोकरीत मी एकही काम माझ्या चालीनं केलं नाही. मार्चअखेर आली की बिल काढायचं, बिल काढायचं तर रस्ता संपवायचा, मग खालचा भराव बसला असो वा नसो. पुढच्या पावसात तोच रस्ता उखडायचा आणि त्यावरून जाताना मी एस. टी. च्या खिडकीतून दुसरीकडे बघायचो. त्याचा सल अजून आहे. हे अंगण तसं करायचं नाही. तू पैसे काळजीनं देतेस, ते मला कळतं. पण या कामानं मी थकत नाही, झोप लागते. गेल्या तपासणीचा कागद दादानं तुला पाठवलाय, तो बघ.

एका गोष्टीवर मी हरलो. पायरीजवळ तुझ्या आईला अबोलीच हवी आहे. अबोलीला खडी आणि कोरडेपण चालणार नाही असं मी म्हणालो. पाणी मी घालीन, तुम्ही तुमची खडी सांभाळा, म्हणाली. तेवढा तुकडा मातीचा राहील.

कंत्राटदाराला तू एकदा फोन करून नको म्हण, त्याला वाट बघायला लावणं बरं नाही. सव्वाशे अर्धी घमेली उरली आहेत. गेटजवळची चार बाय पाचची जागा मी तशीच ठेवली आहे, हरळी काढून, मुरूम बसवून. डिसेंबरात याल तेव्हा तिच्यावर खडी तुझ्या चिरंजीवांनी टाकायची. बाजारातून त्याच्या हाताला पेलेल असं प्लास्टिकचं छोटं घमेलं आणलंय, लाल आहे. त्याला सांग. जावईबापूंना नमस्कार.

तुझे,
बाबा